बाईंचा टुंड्रा

तळघर रिकामं करायला लेक दोन दिवसांसाठी आली होती. एकेक वस्तू वर धरून विचारायची, "मॉम, कीप ऑर टॉस?" आणि मी मान वर न करता उत्तर द्यायचे. जुने दिवे, टॉस. पाटा-वरवंटा, कीप. दुपारी तिनं पुठ्ठ्याची एक लांब नळी वर धरली. तिच्यात कागदांची जाड गुंडाळी होती, आणि तिच्यावरचं रबर हात लावल्याबरोबर तुटून पडलं.

कागद उलगडला, तर आधी वास आला. जुन्या कागदाचा, रंगीत पेन्सिलींच्या मेणाचा, आणि त्याच्याही खाली कुठेतरी हिंगाचा. कॅलेंडरची पाच पानं पाठीकडून एकमेकांना चिकटवून केलेला तो नकाशा होता. नव्वद मैलांचा एक रस्ता तांबड्या पेन्सिलीनं काढलेला, त्याच्या आडव्या येणाऱ्या नद्या वेणीच्या पेडांसारख्या निळ्या, डोंगरांना उंचीप्रमाणे फिकट ते गडद तपकिरी छटा. कोपऱ्यात दिशादर्शक बाण, प्रमाण, सूची. आणि वर, फळ्यावर लिहावं तशा सुबक अक्षरात: "डेनाली उद्यान: प्रवासमार्ग".

"हू मेड धिस? इट्स गॉर्जस," लेक म्हणाली.

"तुझ्या आजीनं," मी म्हटलं, आणि तिथेच खालच्या पायरीवर बसले.

सासूबाई मार्चच्या पहिल्या आठवड्यात आल्या होत्या. ऐंशीचं दशक तेव्हा मध्यावर आलं होतं. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या या घरात येऊन सहा महिने. दारापुढे बर्फाचे काळपट ढीग अजून वितळायचे होते. मिरजेच्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. अख्खी मिरज त्यांना "बाई" म्हणायची. मी त्यांना "आई" म्हणायचे, पण ते जिभेवर नीट बसत नव्हतं. नवीन चपलेसारखं कुठेतरी लागायचं.

अविनाश, माझा नवरा, सकाळी सातच्या ट्रेननं शिकागोला जायचा तो संध्याकाळी साडेसहाला उगवायचा. मधले साडेअकरा तास घरात आम्ही दोघी आणि घर उबदार ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर. छपरावरचं बर्फ वितळून पन्हळीतून ठिबकत असे, ते दोघी ऐकत असू. "चहा टाकू का?" "टाक." "भाजी कुठली करू?" "कुठलीही कर." एवढं झालं की बोलणं संपायचं. त्या वाईट नव्हत्या, मीही नव्हते. पण दीड वर्षात आम्ही एका छपराखाली मोजून आठ दिवस राहिलो होतो, आणि आता एकदम सहा महिने राहायचं होतं. मी नागपूरची, बॉटनीत एमेस्सी झालेली, आणि व्हिसामुळे नोकरी करता न येणारी. दुपारी लायब्ररीत जाऊन बसायचे. तिथल्या गालिच्याचा, ओल्या बुटांचा आणि नव्या पुस्तकांच्या डिंकाचा मिळून एक वास यायचा. तेवढाच माझ्या हक्काचा वाटायचा.

एका रविवारी अविनाशनं जेवताना आईसाठी आखलेली सहल सांगायला घेतली. नायगारा, वॉशिंग्टन, मग फ्लोरिडा. त्या काळी भारतातून आलेल्या प्रत्येक आईवडिलांना याच क्रमानं अमेरिका दाखवत. सासूबाईंनी आमटीभात संपवला, हात धुतला आणि परत येऊन बसल्या.

"मला टुंड्रा बघायचाय," त्या म्हणाल्या.

"काय?" अविनाश म्हणाला.

"टुंड्रा प्रदेश. बत्तीस वर्षं शिकवला. मुलींनी तो लिहिला, मी त्याला मार्क दिले. बघितला नाही कधी. तो या देशात आहे ना? वर, अलास्कात?"

अविनाश हसला. मीही हसणार होते, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबले. एखादी मुलगी वर्गात धीर करून हात वर करते, तशा त्या बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीतून अलास्कावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. तिथल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी उद्यानाला पत्र लिहून माहिती मागवायची युक्ती सांगितली. मी घरी येऊन पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि सासूबाई चष्मा पुसून त्याच्यावर जवळजवळ ओणव्याच झाल्या. त्या दुपारी पहिल्यांदा चहाच्या आधी आणि चहानंतरही आम्ही बोलत होतो.

मग मी घोटाळा केला.

"हे बघ," त्या एका चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे शेवाळ. रेनडिअर हेच खाऊन जगतात. टुंड्रा प्रदेशात शेवाळ उगवते, हे वाक्य मी हजार वेळा तरी फळ्यावर लिहिलं असेल."

"आई, ते शेवाळ नाही," मी म्हटलं. बॉटनीनं माझ्या तोंडून आपोआप बोलून टाकलं. "इंग्रजीत त्याला मॉस म्हणतात, पण ते मॉस नव्हे, शेवाळही नव्हे. ते शैवाक. आपलं दगडफूल असतं ना, त्याच्या जातीतलं."

सासूबाईंनी पुस्तक मिटलं. तीन दिवस आमच्या घरात पुन्हा फक्त फर्नेस बोलत होती. मी स्वतःला शिव्या घालत पोळ्या लाटत होते. चौथ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या. मिरजेहून आणलेल्या आख्ख्या मसाल्यांचा डबा त्यांनी उघडला आणि दगडफुलाचा एक काळपट, सुरकुतलेला तुकडा तळहातावर घेतला.

"म्हणजे हे?" त्यांनी विचारलं.

"हेच नाही. पण याचं भावंड."

त्यांनी तो तुकडा नाकाशी नेला. मग खिडकीतून बाहेर पाहत, अगदी हळू म्हणाल्या, "बत्तीस वर्षं मी मुलींना चुकीचं शिकवलं का गं?"

पुस्तकातच तसं छापलं होतं, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी मान हलवली. "पुस्तक कोण शिकवत होतं? मीच ना? आता बघितल्याशिवाय जायचं नाही. तू मला दाखव."

त्या "तू मला दाखव"नं आमचा उन्हाळा सुरू झाला.

एप्रिलमध्ये अंगणातल्या ट्युलिपांनी डोकी वर काढली, तेव्हा उद्यानाकडून पिवळं पाकीट आलं. त्यात एक नकाशा, बसचं वेळापत्रक आणि सूचनांची चार पानं. पहिल्या पंधरा मैलांच्या पुढे खासगी गाडी नेता येत नाही. उद्यानाच्या बसनंच जायचं. बसचं कूपन आधी मिळत नाही, सकाळी रांगेत उभं राहून घ्यायचं. वाटेत खायला काही मिळत नाही. प्राणी दिसला की ओरडून ड्रायव्हरला सांगायचं, म्हणजे बस थांबते. सासूबाईंनी चारही पानं तपासायला आलेल्या वह्यांसारखी वाचली आणि समासात पेन्सिलीनं खुणा केल्या.

जेवणाचं टेबल आमचं राहिलं नाही. त्याच्यावर कॅलेंडरची पानं पसरली गेली. अविनाश संध्याकाळी ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायला लागला. पट्टी, दोरा, रंगपेन्सिली, खोडरबराचा चुरा. त्या दोऱ्यानं रस्त्याची वळणं मोजायच्या, मी पुस्तकातून वनस्पतींची नावं वाचायचे. इथपर्यंत स्प्रूसची झाडं, इथून पुढे झाडं संपणार. इथे पांढऱ्या रानमेंढ्या, इथे अस्वलं, या नदीच्या पात्रात कॅरिबू, म्हणजे तिथले रानटी रेनडिअर. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला गावातला वादळाचा भोंगा चाचणीसाठी वाजायचा. पहिल्या वेळी त्या दचकून उठल्या होत्या. जूनमध्ये तो वाजला तेव्हा त्यांनी नुसती पेन्सिल वर धरली, भोंगा थांबेपर्यंत वाट पाहिली आणि पुन्हा डोंगर रंगवायला घेतला.

मोठा प्रश्न डब्याचा होता. दिवसभराचा प्रवास, म्हणजे तिखटमिठाच्या पुऱ्या हव्यात, दशम्या हव्यात, लसणीची चटणी हवी. आणि सूचनांत लिहिलं होतं की वासाच्या अन्नानं अस्वलं येतात. सासूबाईंनी उद्यानाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. इंग्रजी बोलायला त्या बिचकत, पण लिहायला नाही. "आदरणीय महोदय" अशी सुरुवात करून त्यांनी विचारलं होतं, की हिंग घातलेल्या तळलेल्या पदार्थांचा वास अस्वलांना कितपत आकर्षित करतो?

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. कुणा रेंजरनं हातानं लिहिलं होतं की हिंग म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही, पण आपण ते बसमध्येच खावं आणि उरलं तर ड्रायव्हरला द्यावं. सासूबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हे घर बांधल्यापासून त्यात इतकं मोठ्यानं कुणी हसलं नसेल.

तळघराच्या पायरीवर बसून मी हे लेकीला सांगत होते, आणि ती नकाशावर बोट फिरवत होती. "यू टू प्लॅन्ड धिस फॉर फाइव्ह मन्थ्स?" तिला खरंच वाटेना. आता फोनवर पाच मिनिटांत होतं सगळं. होतं खरं. पण त्या पाच महिन्यांत मक्याची कणसं खुडून यायची, टेबलावरच सोलायची, त्यांचे रेशमी केस नद्यांवर पडायचे, ते फुंकरीनं उडवायचे. खिडकीतून कापलेल्या गवताचा वास यायचा. टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला त्या, आणि मध्ये अलास्का. मी त्यांना शैवाकात बुरशी आणि शैवाल कसे एकत्र राहतात ते सांगितलं. त्यांनी मला उंचीच्या रेषा वाचायला शिकवल्या. एकदा चहा पिता पिता त्या सहज म्हणाल्या, "तुला वर्गात बसवायला हवं होतं मी. तू प्रश्न विचारले असतेस." मी कप विसळायला उठले, कारण डोळे भरून आले होते आणि ते दाखवायचं नव्हतं.

जुलैच्या शेवटी अविनाश एक दिवस लवकर घरी आला. बूट काढतानाच म्हणाला, "ऐका ना, ऑगस्टमधल्या अलास्काचं काही जमत नाहीये. आमची डेडलाइन अलीकडे आलीय. सुट्टी कॅन्सल केली माझी. यार, मी खूप ट्राय केलं. नेक्स्ट इयर जाऊ आपण."

टेबलावरच्या पेन्सिली सासूबाईंनी एकेक करून डब्यात भरल्या. निळी, तपकिरी, तांबडी. पुढच्या वर्षी त्या पुन्हा येतील की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला, आणि मला तो सहन झाला नाही.

"आम्ही दोघी जातो," मी म्हटलं.

मी तोवर एकटीनं शिकागोसुद्धा धड पाहिलं नव्हतं.

"दोघीच? अगं, तिथं अस्वलं आहेत!" अविनाश म्हणाला.

"मग?" सासूबाई म्हणाल्या. "अस्वलं बघायलाच चाललोय ना आम्ही?" आणि त्यांनी डबा पुन्हा उघडला.

ऑगस्टच्या मध्याला आम्ही विमानानं अँकरेजला आणि तिथून आगगाडीनं उद्यानाच्या दाराशी पोचलो. आठ तासांच्या त्या प्रवासात सासूबाई खिडकीपासून हलल्या नाहीत. नऊवारीच्या आत लोकरीची पँट, वर अविनाशचा निळा जाड कोट, डोक्याला मफलर. पहिल्या दिवशी आम्ही सातला कूपनांच्या खिडकीशी गेलो, तर दिवसभराची कूपनं संपली होती. पाच महिन्यांचा अभ्यास, आणि पहिल्याच पेपरला उशीर! आमच्याकडे आता एकच दिवस उरला होता. त्या दिवशी आम्ही झऱ्याकाठी बसून पुऱ्या खाल्ल्या. सासूबाई म्हणाल्या, "उद्या पहाटेच उभ्या राहू. निकालाच्या दिवशी राहतात तशा."

पहाटे आभाळ राखाडी होतं आणि बारीक पाऊस पडत होता. रांगेत आमच्यापुढे चारच माणसं होती. ओल्या स्प्रूसचा वास येत होता आणि कुणाच्या तरी थर्मासातल्या कॉफीचा. खिडकी उघडली आणि सासूबाईंच्या हातात दोन कूपनं आली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि माझ्या हातात न देता स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

बस म्हणजे जुनी शाळेची बसच होती, कडक बाकांची. ड्रायव्हर बार्बरा नावाची उंच, दोन वेण्या घातलेली बाई होती. आमच्या पुढच्या बाकावर ओहायोहून आलेलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं. झाडं संपली. मोकळं, ओलं, लालसर होऊ लागलेलं रान सुरू झालं, आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "आला," त्या म्हणाल्या. बसभर डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास होता. काचांवर धुकं. तीन तास झाले तरी एका खारीखेरीज काही दिसलं नाही. डोंगर ढगात, प्राणी धुक्यात. ओहायोचे आजोबा घोरायला लागले.

फक्त सासूबाई काच पुसत होत्या. साडीच्या पदरानं, पुन्हा पुन्हा, साठ मुलींच्या वर्गावर नजर ठेवावी तशा बाहेर बघत. आणि एकाएकी त्या अर्ध्या उठल्या. सकाळपासून त्यांनी "स्टॉप" शब्द घोटून ठेवला होता. तो ऐन वेळी पळाला. त्याच्या जागी बत्तीस वर्षांच्या सवयीचा खणखणीत आवाज निघाला,

"थांबा!"

बार्बरानं करकचून ब्रेक दाबला. त्या आवाजाला भाषांतर लागलं नाही.

रस्त्यापासून पन्नासेक पावलांवर उतारावर अस्वलीण होती, आणि तिची दोन पिल्लं. इंजिन बंद झालं. त्या शांततेत झुडपांवरची फळं ओरबाडल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि तिचा खोल फुसफुसता श्वास. वारा तिच्या मधाच्या रंगाच्या केसांत शिरत होता. एक पिल्लू मागच्या पायांवर उभं राहिलं, त्यानं आमच्याकडे बघितलं आणि तोल जाऊन गवतात पडलं. कुणीतरी हसू दाबलं. सासूबाईंच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या आणि त्या त्यांनी पुसल्या नाहीत.

बस निघाली तेव्हा बार्बरानं आरशात बघून विचारलं, आजी काय म्हणाल्या? मी सांगितलं. त्यानंतर तासाभरात ओहायोचे आजोबा पुढच्या बाकावरून ओरडले, "ठांबा! ठांबा!" कड्यावर पांढऱ्या मेंढ्या होत्या. मग कॅरिबूंसाठी सगळी मागची रांग "ठांबा" म्हणाली. सासूबाई दर वेळी वळून, हसून, बोट वर करून दुरुस्त करायच्या. "थ. थांबा."

सहासष्टाव्या मैलावर बस अर्धा तास थांबली. सगळे प्रवासी उद्यानातला सगळ्यात उंच डोंगर शोधत होते, तो ढगातून बाहेर आलाच नाही. आम्ही दोघी रस्ता सोडून चार पावलं उतारावर गेलो. पाय गादीत रुतावे तसे आत जात होते. मी शोधलं आणि दाखवलं: पांढरट, फांद्या फुटलेलं, मुठीएवढं, पावसानं भिजलेलं. सासूबाई गुडघे टेकून बसल्या. उद्यानात काही तोडायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी त्याच्यावर नुसता तळहात ठेवला. मग वाकून वास घेतला.

"मसाल्याचा वास नाही गं याला," त्या म्हणाल्या. "ओल्या मातीचा आहे."

"मसाल्याचा वास भाजल्यावर येतो, आई."

"हं." त्यांनी तळहात पुन्हा त्याच्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "हे शेवाळ नाही. हे मी आता कुणाला सांगू? माझ्या मुली आज्या व्हायला आल्या असतील." त्या हसत होत्या. गुडघ्यांना ओल लागली होती, मफलर सुटून खांद्यावर आला होता. मी हात दिला, आणि उठताना त्यांनी पूर्ण भार माझ्यावर टाकला. तोवर कधी टाकला नव्हता.

परतीच्या वाटेवर पुऱ्यांचा डबा बसभर फिरला. बार्बरानं तीन खाल्ल्या आणि चटणी चाखून डोळ्यांतून पाणी काढलं. ऊन आलं. ढग फाटून नद्यांवर चांदीसारखा उजेड पडला. बस डुलत होती. कधीतरी सासूबाईंचं बोलणं मध्येच तुटलं आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर येऊन टेकलं. केसांना खोबरेल तेलाचा आणि पावसाचा वास होता.

तेवढ्यात पलीकडच्या खिडक्यांशी एकच गडबड उडाली. "ठांबा!" तळ्यात मूस उभा होता, सांबराहून भला थोरला नर, शिंगांवरून पाणी ओघळत असलेला. असं सगळे म्हणत होते. सगळी बस त्या बाजूला जमा झाली. कॅमेरे टकटकले. ओहायोच्या आजींनी मला हातानं खुणावलं, ये, ये, जागा आहे. मी मान हलवली. मला फक्त माणसांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्यामधून तळ्याची एक चमकणारी चीर. आजतागायत मी मूस पाहिलेला नाही.

दहा मिनिटांनी बस निघाली, तेव्हा त्या धक्क्यानं सासूबाई जाग्या झाल्या.

"थांबली होती का गं? काही हुकलं का?"

"नाही आई," मी म्हटलं. "झोपा अजून. वीस मैल आहेत."

आणि त्यांनी डोकं पुन्हा तिथेच टेकलं, थोडं सरकवून नीट बसवलं, आणि खरंच झोपल्या.